टाकलंय, तरी ‘नाही’ म्हणायलंय: पायथनला मॉड्यूल सापडत नसेल तर घरच्या संगणकावर काय तपासायचं

“मामा, तीनदा टाकलं पांडाज. टाकलं की झालंय म्हणायलंय, आन् चालवलं की नाही म्हणायलंय.”

दिवाळीच्या सुट्टीत भाचा लॅपटॉप घेऊन माझ्यासमोर बसला होता. लातूरच्या बाजार समितीतले सोयाबीनचे रोजचे भाव त्यानं वहीतून एक्सेलमध्ये उतरवले होते आणि त्यांचा आलेख काढायचा होता. पायथन या भाषेतला प्रोग्रॅम जेमतेम दहा ओळींचा. त्याला लागत होतं पांडाज, म्हणजे तक्त्यांवर काम करणारं तयार कोडचं गाठोडं. अशा गाठोड्याला टाकताना पॅकेज म्हणतात आणि प्रोग्रॅममध्ये वापरताना मॉड्यूल. अडला होता पहिल्याच ओळीवर, जिथं पांडाज इम्पोर्ट करायचं, म्हणजे प्रोग्रॅममध्ये बोलवायचं होतं. चूक जाईना म्हणून त्यानं नवा पायथन टाकला, त्यानंही जमेना म्हणून आणखी एक टाकला, आणि फोनचा दिवसभराचा डेटा त्यातच संपवला.

चूक पाच मिनिटांत सापडली. पण त्या दोन दिवसांत त्यानं “मला हे जमणार नाही” असं मनाशी ठरवून टाकलं होतं, याचं मला फार वाईट वाटलं. आपल्याकडं कितीतरी लेकरं एकट्यानं, घरच्या जुन्या लॅपटॉपवर शिकतात. शेजारी विचारायला कुणी नसतं. त्यांच्यासाठी हे सगळं सविस्तर लिहितोय.

एक गोष्ट आधीच सांगतो. इथं सगळ्या कमांड उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी लहान अक्षरांत टाका. ‘पाय’ म्हणजे पी-वाय, ‘सिस’ म्हणजे एस-वाय-एस, आणि -एम म्हणजे आडवी रेघ व तिला चिकटून एम.

चूक नेमकं काय सांगते

पडद्यावर लाल अक्षरांचा ढीग येतो तेव्हा नजर शेवटच्या ओळीवर न्या. तिथं असं असतं:

मॉड्यूलनॉटफाउंडएरर: नो मॉड्यूल नेम्ड 'पांडाज'

याचा अर्थ “संगणकावर पांडाज नाही” असा आपण घेतो, आणि सगळा घोळ तिथं सुरू होतो. पायथन एवढंच सांगतो की, “मी ज्या फोल्डरांत शोधतो, त्यांत मला हे सापडलं नाही.” एका वाड्यात वाटणी झालेल्या दोन भावांच्या दोन चुली असतात. थोरल्याच्या डब्यात मीठ भरलेलं असतं, आणि धाकट्याच्या घरात “मीठ नाही” म्हणतात. दोघंही खरंच बोलतात. संगणकावर दोन-तीन पायथन असले की प्रत्येकाचा डबा वेगळा असतो. तुम्ही मीठ एकाच्या डब्यात भरता आणि स्वयंपाक दुसऱ्याच्या चुलीवर करता.

म्हणून काहीही नव्यानं टाकण्याआधी प्रश्न विचारायचा तो “कोणता पायथन?” हाच.

शेवटच्या ओळीतलं नाव अक्षर न् अक्षर वाचा. पांडाजचं पहिलं अक्षर मोठं टाकलंत तर विंडोजवरही ते सापडणार नाही, कारण इम्पोर्ट करताना पायथन लहान-मोठं अक्षर पाहतोच. नावात टिंब असेल आणि पुढं “इज नॉट अ पॅकेज” असे शब्द असतील, तर रोग वेगळा आहे; तो पुढं येईल. कधीकधी ओळीत तुम्ही न लिहिलेलंच नाव दिसतं. म्हणजे तुमचं मॉड्यूल सापडलं, पण त्याला लागणारं दुसरं सापडलं नाही. एक्सेलची फाइल पांडाजनं उघडताना ‘ओपनपायएक्सएल’ मागितलं जातं, ते याच जातीचं.

चुकीचं नाव नुसतं ‘इम्पोर्टएरर’ असेल तर बहुधा मॉड्यूल सापडलं आहे, पण आतलं काहीतरी मिळालं किंवा उघडलं नाही. ‘डीएलएल लोड फेल्ड’ असं दिसलं तर पॅकेज पुन्हापुन्हा टाकण्याआधी मायक्रोसॉफ्टचं व्हिज्युअल सी++ रीडिस्ट्रिब्युटेबल संगणकावर आहे का ते पाहा. मॉड्यूलनॉटफाउंडएरर हे वेगळं नाव पायथन ३.६ मध्ये, म्हणजे २०१६ च्या अखेरीस आलं. त्याआधी दोन्हींना एकच नाव होतं, त्यामुळं इंटरनेटवरच्या जुन्या उत्तरांत इम्पोर्टएरर दिसलं तर गोंधळू नका.

प्रोग्रॅम कोणत्या पायथनवर चालतोय

जो प्रोग्रॅम अडतोय त्याच्याच अगदी वर या दोन ओळी टाका आणि नेहमी जसा चालवता तसाच चालवा:

इम्पोर्ट सिस
प्रिंट(सिस.एक्झिक्युटेबल)

पडद्यावर एका पायथनचा पूर्ण पत्ता येईल. तो वहीत लिहून घ्या. आता कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे विंडोजची कमांड टाइप करायची खिडकी, उघडा आणि भाच्यानं केलं तसं ‘पिप इन्स्टॉल पांडाज’ लिहून पॅकेज पुन्हा टाकून पाहा. पिप म्हणजे पॅकेजं उतरवून टाकणारा प्रोग्रॅम. “रिक्वायरमेंट ऑलरेडी सॅटिस्फाइड” अशी ओळ आली की आपण “आहे की मग!” म्हणून पुढं जातो. थांबा, ती ओळ शेवटपर्यंत वाचा. तिच्यातच पॅकेज कोणत्या फोल्डरात आहे ते लिहिलेलं असतं. भाच्याच्या लॅपटॉपवर त्या पत्त्यात पायथन३११ होतं, आणि वहीत लिहिलेल्या पत्त्यात पायथन३१३. दोन चुली समोरासमोर दिसल्या. त्याला पुढं काही सांगावं लागलं नाही.

विंडोजवर किती पायथन आहेत ते एका कमांडनं कळतं:

पाय -०पी

सगळ्यांची यादी पत्त्यासकट येते, आणि ज्याच्यापुढं चांदणी असते तो ‘पाय’ म्हटल्यावर चालणारा. ‘व्हेअर पायथन’ अशी कमांड दिली तर ‘पायथन’ म्हटल्यावर कोणता धावून येतो ते कळतं. यादीतला पहिला तो. या दोघांची उत्तरं वेगळी असू शकतात, आणि बऱ्याच घरच्या संगणकांवर ती असतातच. पहिल्या ओळीत ‘विंडोजअ‍ॅप्स’ फोल्डर दिसला तर तो मायक्रोसॉफ्ट स्टोअरचा असतो. कधी तो स्टोअरमधून घेतलेला खरा पायथन असतो, तर कधी नुसती पाटी: पायथन म्हटलं की स्टोअरचं दुकान उघडतं. ती पाटी काढायला सेटिंग्जच्या शोधात ‘अ‍ॅप एक्झिक्युशन एलियासेस’ लिहा आणि तिथले पायथनचे दोन्ही खटके बंद करा.

आता उपाय. नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ लिहायची सवय आजपासून सोडा. पिप हा वेगळा प्रोग्रॅम म्हणून हाक मारला की तो कोणत्या पायथनचा नोकर आहे ते दिसत नाही. त्याऐवजी मालकाचं नाव घेऊन सांगा:

पाय -३.१३ -एम पिप इन्स्टॉल पांडाज

तुमचा जो आकडा असेल तो घाला. यात पॅकेज ३.१३ च्याच डब्यात जाणार, शंकेला जागा नाही. वहीतला पूर्ण पत्ता अवतरणचिन्हांत लिहून त्यापुढं -एम पिप इन्स्टॉल पांडाज लिहिलं तरी तेच होतं. पॉवरशेल, म्हणजे विंडोजची कमांड द्यायची दुसरी खिडकी, वापरत असाल तर त्या अवतरणाच्या आधी & हे चिन्ह लागतं.

नवीन मुलं हमखास चुकतात अशी एक जागा: समोर >>> असे तीन बाण दिसत असतील तर तुम्ही पायथनच्या आत आहात. तिथं पिपची कमांड चालत नाही, सिंटॅक्सएरर येते. ‘एक्झिट()’ लिहून बाहेर या आणि मग टाका.

खरं सांगायचं तर दोन-तीन पायथनची गरज घरी शिकणाऱ्याला नसते. एक ठेवा, बाकीचे सेटिंग्जमधून काढून टाका. ठेवलेला टाकताना पहिल्याच खिडकीत खाली ‘पाथमध्ये जोडा’ अशा अर्थाचा चौकोन असतो, त्यावर खूण करायला विसरू नका. पाथ म्हणजे विंडोज ज्या फोल्डरांत कमांड शोधतं त्यांची यादी.

व्हीएस कोड आणि नोटबुक

कमांड प्रॉम्प्टमध्ये चालतं आणि व्हीएस कोड या कोड लिहायच्या संपादकात चालत नाही, ही तक्रार वरच्याच रोगाची आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि पी एकत्र दाबा, ‘पायथन: सिलेक्ट इंटरप्रिटर’ निवडा (इंटरप्रिटर म्हणजे कोड चालवणारा पायथन), आणि वहीत लिहिलेला पत्ता यादीतून उचला. इम्पोर्टच्या ओळीखाली पिवळी नागमोडी रेघ म्हणजे चूक झालीच असं नाही. ती संपादकाची शंका आहे. प्रोग्रॅम चालवून पाहा. चालला तर फक्त इंटरप्रिटरची निवड दुरुस्त करायची राहिली आहे.

ज्युपिटर नोटबुकमध्ये, म्हणजे कप्प्याकप्प्यानं कोड चालवायच्या वहीत, असाल तर बाहेरून टाकू नका. नोटबुकच्याच एका कप्प्यात %पिप इन्स्टॉल पांडाज असं टक्केचिन्हासकट लिहा. ते ज्या पायथनवर नोटबुक चालू आहे त्याच्याच डब्यात जातं. मग कर्नल, म्हणजे नोटबुकमागं चालणारा पायथन, एकदा पुन्हा सुरू करा.

पाळण्यातलं नाव एक, हाक मारायचं नाव दुसरं

काही पॅकेजं टाकायची एका नावानं आणि इम्पोर्ट करायची दुसऱ्या नावानं. हे कुणी सांगितल्याशिवाय कळायला मार्गच नाही, म्हणून नेहमी लागणारी इथं देतो. फोटोंसाठी टाकायचं ‘पिलो’, इम्पोर्ट करायचं ‘पीआयएल’ (ही तिन्ही अक्षरं मात्र मोठी). कॅमेऱ्याच्या कामासाठी टाकायचं ‘ओपनसीव्ही-पायथन’, इम्पोर्ट ‘सीव्ही२’. ‘सायकिट-लर्न’ टाका, ‘एसकेलर्न’ इम्पोर्ट करा. ‘ब्यूटिफुलसूप४’ टाकलं तर ‘बीएस४’, ‘पायवायएएमएल’ टाकलं तर ‘यामल’. वर्डच्या फाइलींसाठी टाकायचं ‘पायथन-डॉक्स’ आणि इम्पोर्ट ‘डॉक्स’. आर्डुइनो या छोट्या सर्किट-बोर्डाशी बोलायला टाकायचं ‘पायसिरियल’, इम्पोर्ट ‘सिरियल’.

शेवटच्या दोन्हींत खड्डा आहे. ‘डॉक्स’ आणि ‘सिरियल’ या नावांचीही पॅकेजं पायथनच्या भांडारात आहेत, आणि ती तुम्हाला हवी असलेली नाहीत. ‘डॉक्स’ हे फार जुनं. ते टाकलं तर ‘एक्सेप्शन्स’ नावाचं मॉड्यूल नाही अशी नवीच चूक येते. चुकून टाकलं असेल तर -एम पिप अनइन्स्टॉल करून ते काढा, मग योग्य नावाचं टाका. ‘सिरियल’च्या बाबतीत दोन्ही काढून फक्त पायसिरियल पुन्हा टाकावं लागतं, कारण दोघांचं फोल्डर एकच असतं.

म्हणून माझी कळकळीची विनंती: चुकीच्या ओळीतलं नाव जसंच्या तसं पिपला देऊ नका. आधी पायपीआय या भांडाराच्या संकेतस्थळावर त्या पॅकेजचं पान उघडून पाहा. तिथं कुणीही पॅकेज ठेवू शकतं, आणि नावाच्या साधर्म्याचा फायदा घेणारे असतात. डिसेंबर २०१९ मध्ये ‘जेलीफिश’ या पॅकेजच्या नावात एका एलच्या जागी मोठा आय घालून केलेलं पॅकेज तिथून काढून टाकावं लागलं होतं. ते संगणकावरच्या गुप्त किल्ल्या चोरत होतं. ज्या लॅपटॉपवर तुम्ही शिकता, त्याच्यावरच घरचे बँकेचे व्यवहार करत असतील.

तुमचीच फाइल वाटेत आडवी

औसा तालुक्यातल्या एका मित्रानं शेतात पर्जन्यमापक बसवला. पाऊस पडला की छोटी बादली कलंडते, आर्डुइनो ती मोजतो आणि यूएसबीच्या तारेतून आकडा लॅपटॉपला देतो. पायसिरियल बरोबर टाकलेलं, पायथन एकच, तरी “नो मॉड्यूल नेम्ड 'सिरियल.टूल्स', 'सिरियल' इज नॉट अ पॅकेज”. रोहिण्या निघाल्या, मृग लागलं, तरी त्याची नोंद सुरू होईना.

त्यानं आपल्या प्रोग्रॅमच्या फाइलीचं नावच सिरियल ठेवलं होतं. पायथन शोधाची सुरुवात तुमच्या प्रोग्रॅमच्या स्वतःच्या फोल्डरापासून करतो. मग पायथनपाथमध्ये, म्हणजे शोधायच्या जादा फोल्डरांच्या यादीत, काही दिलं असेल तर ते, मग पायथनबरोबर येणारी मॉड्यूलं, आणि अखेरीस ‘साइट-पॅकेजेस’ हा पिपचा डबा. पहिल्याच ठिकाणी त्या नावाची फाइल सापडली की पुढं बघायचं कारणच उरत नाही. त्यानं फाइलीचं नाव बदलून ‘पाऊसमापक’ अशा अर्थाचं केलं आणि सगळं चालू झालं.

रँडम, सीएसव्ही, मॅथ, टर्टल, ईमेल, कॅलेंडर ही नावं स्वतःच्या फाइलींना कधीच देऊ नका. “पार्शली इनिशियलाइज्ड मॉड्यूल” असे शब्द दिसले तरी संशय प्रथम फाइलीच्या नावावर घ्या. पायथन ३.१३ पासून अशा वेळी चुकीच्या ओळीतच नाव बदलायचा सल्ला दिलेला असतो. शंका असेल तर ‘प्रिंट(सिरियल.__फाइल__)’ करून पाहा, कोणती फाइल उचलली त्याचा पत्ता मिळतो. ‘__पायकॅश__’ फोल्डर पुसायची मात्र गरज नाही. मूळ फाइलीचं नाव बदललं की पायथन ३ त्यातली जुनी प्रत उचलत नाही.

आपणच लिहिलेलं मॉड्यूल सापडेना

भाव काढायचं काम एका फाइलीत, आलेखाचं दुसरीत, असं केलं की ही अडचण येते. दोन्ही फाइली एकाच फोल्डरात आहेत का ते पाहा. प्रोग्रॅम चालवताना शोध त्या प्रोग्रॅमच्या फोल्डरात होतो, तुम्ही कमांड प्रॉम्प्टमध्ये उभे आहात त्या फोल्डरात नव्हे. याच्या उलट, पायथन -एम लावून चालवलं तर उभ्या असलेल्या फोल्डरापासून शोध सुरू होतो. पोटफोल्डर असतील तर प्रकल्पाच्या मुख्य फोल्डरात उभं राहून -एम नं चालवणं सगळ्यात सरळ. “अटेम्प्टेड रिलेटिव्ह इम्पोर्ट” अशी चूकही त्यानंच जाते. सिस.पाथमध्ये, म्हणजे पायथन शोधतो त्या फोल्डरांच्या यादीत, हातानं पत्ते घुसवायचा सल्ला कुणी दिला तर घेऊ नका. आज चालेल, फोल्डर हलवला की मोडेल.

नोटपॅडमध्ये लिहिणाऱ्यांसाठी: विंडोज फाइलीच्या नावाचं शेपूट लपवतं. तुम्हाला ‘भाव.पीवाय’ वाटते ती फाइल खरं तर ‘भाव.पीवाय.टीएक्सटी’ असते. एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये फाइल नेम एक्स्टेन्शन्स दाखवायची खूण करा.

फाइलीला देवनागरी नाव दिलं तर? पायथन ३ मध्ये चालतं, मी करून पाहिलं आहे. पण काही कीबोर्ड ‘दऱ्या’ सारख्या शब्दांत न दिसणारं एक जोडचिन्ह घालतात, आणि पायथन ते स्वीकारत नाही. त्यापेक्षा नावं इंग्रजी अक्षरांत, लहान आणि मधे अंडरस्कोअर देऊन ठेवा.

प्रत्येक कामाला वेगळी चूल

एकच पायथन ठेवूनही दोन प्रकल्पांना एकाच पॅकेजच्या वेगवेगळ्या आवृत्त्या लागू शकतात. त्यासाठी व्हेन्व्ह आहे, प्रत्येक प्रकल्पाला वेगळा डबा देणारं साधन; ते पायथन ३.३ पासून सोबतच येतं. प्रकल्पाच्या फोल्डरात जाऊन:

पाय -एम व्हेन्व्ह चूल
चूल\स्क्रिप्ट्स\अ‍ॅक्टिव्हेट

‘चूल’ हे मी दिलेलं नाव, तुम्ही काहीही द्या. ओळीच्या सुरुवातीला कंसात ते नाव दिसू लागलं की तुम्ही आत आहात. आता पायथन -एम पिप इन्स्टॉल करून हवं ते टाका. पॉवरशेलनं “स्क्रिप्ट चालवायची परवानगी नाही” म्हटलं तर घाबरू नका, साध्या कमांड प्रॉम्प्टमधून तीच ओळ द्या. खिडकी बंद करून दुसऱ्या दिवशी उघडली की अ‍ॅक्टिव्हेट पुन्हा करावं लागतं. “काल चालत होतं, आज नाही” याचं कारण बऱ्याचदा एवढंच असतं. आणि ही चूल पेनड्राइव्हवर उचलून दुसऱ्या संगणकावर नेता येत नाही; तिच्यात मूळ पायथनचा पत्ता लिहिलेला असतो.

लिनक्स असेल तर, नव्या उबुंटू किंवा डेबियनवर पिप “एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट” म्हणून अडवतं. डेबियन १२ पासून, म्हणजे २०२३ पासून हे आहे, आणि त्याचा इलाजही व्हेन्व्हच. फक्त ‘टीकेइंटर’ (खिडक्या आणि बटणं काढायचं मॉड्यूल) मागितलं तर ते पिपनं येत नाही. अ‍ॅप्टनं पायथन३-टीके टाका.

जुनं पुस्तक, नवा पायथन

प्रॅक्टिकलच्या जुन्या फाइलीतला कोड उतरवून घेतला असेल तर मॉड्यूल खरोखरच अस्तित्वात नसू शकतं. ‘यूआरएललिब२’ किंवा मोठ्या टीचं ‘टीकेइंटर’ दिसलं की तो पायथन २ चा कोड समजा. त्याचा सांभाळ १ जानेवारी २०२० ला थांबला. ‘डिस्टयुटिल्स’ आणि ‘आयएमपी’ पायथन ३.१२ मधून, म्हणजे ऑक्टोबर २०२३ मध्ये काढली गेली. ‘सीजीआय’ आणि ‘टेलनेटलिब’ ३.१३ मधून गेली. डिस्टयुटिल्स मागणारं पॅकेज असेल तर ‘सेटअपटूल्स’ टाकून बहुधा भागतं. आयएमपीसाठी कोडच बदलावा लागतो.

घरात विंडोज ७ चा जुना संगणक असेल तर त्यावर पायथन ३.८ पर्यंतच चालतो. शिकायला तो पुरतो, पण पॅकेजांच्या नव्या आवृत्त्या मिळणार नाहीत. आणि पायथन ३२ बिटचा असेल तर टेन्सरफ्लोसारखी पॅकेजं त्यावर येतच नाहीत. पायथन उघडल्यावर पहिल्या ओळीतच ३२ की ६४ ते लिहिलेलं असतं.

नेट तुटतं, लाइट जाते

हा भाग मराठवाड्यात राहणाऱ्यासाठी मुद्दाम. गावात रेंज नसेल तर तालुक्याला, जिथं नेट बरं आहे तिथं, एकदाच पॅकेजं पिशवीत भरून आणता येतात:

पाय -एम पिप डाउनलोड -डी पिशवी पांडाज

‘पिशवी’ नावाचं फोल्डर तयार होतं आणि पांडाजबरोबर त्याला लागणारं नमपाय हे आकडेमोडीचं पॅकेजसुद्धा त्यात येतं. ही दोन्ही प्रत्येकी दहा-पंधरा एमबीच्या आसपासची. पिशवी पेनड्राइव्हवर घ्या, घरी येऊन नेट बंद असताना:

पाय -एम पिप इन्स्टॉल --नो-इंडेक्स --फाइंड-लिंक्स पिशवी पांडाज

अट एकच: दोन्ही संगणकांवर पायथनचा आकडा, बिट आणि विंडोज सारखं हवं. पिशवीतल्या फाइलींच्या नावात ‘सीपी३१३’ आणि ‘विन_एएमडी६४’ असं काही दिसेल. पहिलं पायथन ३.१३ सांगतं, दुसरं ६४ बिटचं विंडोज. एका वस्तीतल्या दहा लेकरांना अशी एकच पिशवी पुरते.

जुन्या पॅकेजच्या जागी नवी आवृत्ती टाकत असतानाच लाइट गेली आणि संगणक बंद पडला, तर अर्धवट फोल्डर मागं राहतं. नंतर पिप दरवेळी “इग्नोरिंग इनव्हॅलिड डिस्ट्रिब्युशन” असा इशारा देत राहतं. साइट-पॅकेजेसमध्ये ~ या चिन्हानं सुरू होणारं फोल्डर शोधा, पुसा, आणि पॅकेज --फोर्स-रीइन्स्टॉल लावून पुन्हा टाका.

तरीही अडलात तर

कुणालातरी विचारा, यात कमीपणा नाही. फक्त मोबाइलनं पडद्याचा तिरका फोटो काढून पाठवू नका, मजकूर कॉपी करून पाठवा. लाल अक्षरांचा सगळा ढीग, सिस.एक्झिक्युटेबलचा पत्ता, ‘पाय -०पी’ची यादी, त्याच पायथनला -एम पिप लिस्ट विचारून आलेली पॅकेजांची यादी, आणि तुमच्या फोल्डरातल्या फाइलींची नावं. एवढं हाती असलं की समोरचा माणूस नांदेडला असो की पुण्याला, लॅपटॉप न पाहता चूल आणि डबा कुठं चुकले ते सांगू शकतो. भाचा आता हिंगोलीच्या मावसभावाला फोनवर याच पाच गोष्टी मागतो.